लॅबमधून कंपनी काढायचीय? बडोदेकरांसाठी सरकारी स्कीमांचा क्रम

एमएस युनिव्हर्सिटीत सायन्सला, फार्मसीला, कलाभवनला किंवा तिकडे वाघोडियाला पारुलमध्ये पीएचडी-एमटेक करणाऱ्या मुलांचा प्रश्न बहुतेक एकच असतो, सरकार स्टार्टअपला पैसे देतं म्हणे, फॉर्म कुठे भरायचा? आता फॉर्म कुठे भरायचा हे फोनवर दोन मिनिटात सापडतं हो, पण कुठला फॉर्म कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर ते कोणी सांगत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो, कारण स्कीम ढीगभर आहेत पण जवळजवळ प्रत्येकीला काही ना काही मुदत किंवा मर्यादा आहे, एक गोष्ट घाईत उरकली की दुसरीचं दार आपोआप बंद. म्हणून क्रमाने लिहितोय. मधे मधे माझी मतं पण आहेत, नाही पटली तर सोडून द्या.

तसं हे आपल्या गावाला नवीन नाही. १९०७ साली अलेम्बिक निघाली ती प्रा. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांच्यामुळे (कोटीभास्कर आडनाव वाचून दांडिया बाजारात लोकांना अजून बरं वाटतं). गज्जर बडोदा कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे आणि १८९० ला सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं त्यामागे पण तेच. म्हणजे प्रोफेसरने प्रयोगशाळेतून उठून कारखाना काढणं हे इथे शंभर वर्षांपूर्वीच झालंय. फरक एवढाच की तेव्हा युटिलायझेशन सर्टिफिकेट (सरकारी पैसे कुठे खर्च झाले त्याचा दाखला) नव्हतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा तुमची केमिस्ट्रीत पीएचडी चालूय आणि डाय कारखान्याच्या पाण्यातला रंग शोषून घेणारं एक मटेरियल तुम्ही बनवलंय, बीकरमध्ये मस्त चालतंय, गाइड खूश आहेत, पेपर लिहायला घेतलाय.

पेपर थांबवा

अगदी पहिलं काम हेच. पेपर, कॉन्फरन्सचं पोस्टर, डिपार्टमेंटचा ओपन सेमिनार, आणि जे सगळे विसरतात ते म्हणजे थीसिस. थीसिस शोधगंगावर (थीसिसचं ऑनलाइन भांडार) चढला की तो जगाला खुला, आणि पेटंटच्या आधी स्वतःचंच काम बाहेर पडलं तरी नवीनपणा गेला असं धरलं जातं. भारताच्या कायद्यात विद्वत्सभेपुढे वाचलेल्या पेपरला वगैरे १२ महिन्यांची थोडी सूट आहे पण ती फार अरुंद आहे आणि युरोपात तर तिचा काही उपयोग नाही, तेव्हा तिच्यावर बसू नका.

गाइडला पेपर हवा असतो, प्रमोशनला पॉइंट लागतात, हे खरंय. पण पेपर सोडायचा नाहीये, फक्त आधी प्रोव्हिजनल पेटंट, म्हणजे तारीख पक्की करणारा तात्पुरता अर्ज, टाकायचंय. ते काही महिनेच्या महिने चालणारं काम नाही, कल्पना नीट लिहिलेली असली की ऑनलाइन फाइल होतं, गुजरातची फाइल मुंबईच्या पेटंट ऑफिसला जाते. व्यक्ती, स्टार्टअप किंवा शैक्षणिक संस्था अर्जदार असेल तर सरकारी फी १६०० रुपये, मोठ्या कंपनीला तीच ८००० पडते. स्टार्टअप किंवा संस्थेला सवलत घ्यायला फॉर्म २८ जोडावा लागतो, तो राहिला तर मग पत्रव्यवहार. शैक्षणिक संस्थांना ही ८० टक्के सूट २०२१ पासून मिळाली, त्याआधी युनिव्हर्सिटीला मोठ्या कंपनीइतकेच पैसे भरावे लागायचे. प्रोव्हिजनल टाकलं की दुसऱ्या दिवशी पेपर पाठवा, काही हरकत नाही, फक्त १२ महिन्यांच्या आत कम्प्लीट स्पेसिफिकेशन (शोधाचं पूर्ण वर्णन) गेलंच पाहिजे, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. परदेशात पेटंट हवं असेल तरी तेच १२ महिने. आणि प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलंच नाही त्याला ती तारीख मिळत नाही, त्यामुळे दोन पानं खरडून टाकू नका, मटेरियल कशाकशाचं बनू शकतं, किती तापमानाला, कुठल्या कुठल्या रंगावर चालतं, सगळे पर्याय घाला.

पेटंट एजंटची फी हा वेगळा खर्च आहे, पण स्टार्टअपसाठी केंद्राची एक स्कीम आहे ज्यात सरकारने यादीत घेतलेल्या फॅसिलिटेटरची फी सरकार देतं, तुम्ही फक्त ऑफिसची फी भरता, आणि ही सोय आता शिक्षणसंस्थांना पण आहे. युनिव्हर्सिटीच्या आयपीआर सेलला (पेटंटचं काम बघणारा विभाग) हे विचारा.

फार्मसीवाल्यांनी पेटंट कायद्याचं कलम ३ नीट वाचून घ्या. जुन्याच औषधाचं नवीन रूप काढलं आणि परिणामकारकता वाढली हे दाखवता आलं नाही तर ३(डी) मध्ये अडकतं, दोन गोष्टी नुसत्या एकत्र केल्या तर ३(ई), आणि उपचाराची पद्धत तर पेटंट होतच नाही. वनस्पती किंवा जंतू इथले असतील तर जैवविविधता प्राधिकरणाचं काम पण मागे लागतं, ते पेटंट मिळायच्या आधी पूर्ण व्हावं लागतं.

पेटंटवर नावं कोणाची हा भांडणाचा विषय. पेपरवर आपण एचओडीचं नाव घालतो, ज्याने मशीन वापरू दिलं त्याचं घालतो, चालतं. पेटंटमध्ये इन्व्हेंटर तोच ज्याने कल्पनेत भर घातली. नुसती रीडिंग घेणारा इन्व्हेंटर नाही आणि नुसती सही करणारा पण नाही. हे गाइडशी सुरुवातीलाच, चहा पितापिता, बोलून घ्या. नंतर पैसे दिसायला लागल्यावर हा विषय काढला की चहा पण कडू लागतो.

मालक कोण

युनिव्हर्सिटीची लॅब, युनिव्हर्सिटीचं मशीन, सरकारी फेलोशिप, मग शोध तुमचा असला तरी अर्जदार बहुतेक करून युनिव्हर्सिटी असते. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने हे एका झटक्यात ठरवून टाकलं की सरकारी पैशातून झालेला शोध युनिव्हर्सिटी ठेवू शकते आणि कंपनीला देऊ शकते. आपल्याकडे तसं बिल २००८ ला राज्यसभेत आलं होतं पण त्याचा कायदा कधी झालाच नाही. त्यामुळे आपल्याकडे ज्या एजन्सीने पैसे दिले तिचं सँक्शन लेटर आणि युनिव्हर्सिटीची स्वतःची पॉलिसी, या दोन कागदांवर सगळं ठरतं. सँक्शन लेटरच्या मागच्या पानांवर अटी असतात, त्या कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा.

त्यात आधार म्हणून हातात ठेवायचा कागद म्हणजे केंद्राची २०१९ ची नॅशनल इनोव्हेशन अँड स्टार्टअप पॉलिसी, विद्यार्थी आणि शिक्षक दोघांसाठी. तिच्यात साफ लिहिलंय की फॅकल्टी स्टार्टअप काढू शकते, त्यासाठी रजा घेऊ शकते, आणि संस्था दिलेल्या मदतीच्या बदल्यात २ ते ९.५ टक्के इक्विटी (मालकीचा हिस्सा) घेऊ शकते. ९.५ च्या वर का नाही, तर स्टार्टअपच्या कायदेशीर भानगडी संस्थेच्या गळ्यात पडू नयेत म्हणून. आणि संस्थेची कुठलीच सोय न वापरता, ऑफिसच्या वेळेबाहेर केलेलं काम हे करणाऱ्याचंच. ही पॉलिसी मार्गदर्शक आहे, प्रत्येक संस्था स्वतःची बनवते, म्हणून आपल्या संस्थेची कॉपी मागून घ्या. तोंडी "हो हो चालेल" याला काही किंमत नाही, हेड बदलले की ते चालेल पण बदलतं.

युनिव्हर्सिटीकडून दोन गोष्टी लेखी घ्यायच्या. एक, एनओसी की ही व्यक्ती ही स्कीम भरू शकते. दोन, पेटंट तुमच्या होणाऱ्या कंपनीला लायसन्सवर मिळेल याचं पत्र. एक्स्क्लुझिव्ह मिळत असेल तर तेच घ्या, कारण पुढे कुठलाही इन्व्हेस्टर पहिला प्रश्न हाच विचारतो की हे मटेरियल उद्या शेजारच्याला पण देणार का. पैसे सुरुवातीला देण्यापेक्षा विक्रीवर रॉयल्टी द्यायला तयार व्हा, युनिव्हर्सिटीला पण ते सोयीचं पडतं.

गाइडना कंपनीत घ्यायचं का? माझं मत, घ्या, पण काम काय ते लिहून. फॅकल्टीने कंपनीचं काम आणि युनिव्हर्सिटीचं संशोधन वेगळं ठेवायचं असतं, परवानगी लागते, आणि दुसऱ्या विद्यार्थ्यांना कंपनीच्या कामाला जुंपायचं नसतं.

कंपनीची घाई नको

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांबवतो.

सीए म्हणतो आजच प्रायव्हेट लिमिटेड काढू, काही दिवसांचं काम, आणि मुलांना पण कार्डावर फाउंडर लिहायची हौस असते. पण कंपनीची तारीख पडली की मीटर चालू. स्टार्टअप इंडिया सीड फंडला अर्जाच्या दिवशी कंपनी २ वर्षांपेक्षा जुनी नको. बायरॅकच्या (बायोटेकला पैसे देणारी केंद्राची संस्था) बिग ग्रँटला ५ वर्षांपर्यंत. लॅबमधल्या शोधाला पायलटपर्यंत यायलाच दोन वर्षं आरामात जातात, म्हणजे थीसिस लिहितालिहिता कंपनी काढली तर सीड फंडची मुदत व्हायव्हाच्या तयारीतच निघून गेली.

वर खर्च. प्रायव्हेट लिमिटेडला एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट सक्तीचं. काढल्यापासून १८० दिवसांत धंदा सुरू केल्याचा आयएनसी-२०ए फॉर्म. दरवर्षी अहमदाबादच्या आरओसीला (कंपन्यांची नोंद ठेवणारं सरकारी ऑफिस) हिशोबाचा आणि वार्षिक रिटर्नचा फॉर्म, उशीर झाला की एकेका फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि हे १०० रुपये कुठे थांबत नाहीत. विसरून गेलेल्या कंपनीचा दंड पाहिला की फेलोशिप पुरत नाही.

तर कंपनी कधी काढायची? जेव्हा पुढची स्कीम कंपनीशिवाय देतच नाही तेव्हा. त्याआधीचे पैसे व्यक्तीला मिळतात, ते आधी घ्या. कंपनी काढली की मग लगेच डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग खात्याची, स्टार्टअप म्हणून मान्यता घ्या, ती फुकट आहे, ऑनलाइन आहे, एजंटला पैसे देऊ नका. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची पार्टनरशिप) किंवा नोंदलेली पार्टनरशिप पण मान्यतेला चालते, पण पुढे इक्विटी वाटायची असेल तर प्रायव्हेट लिमिटेडच सोपी.

गिऱ्हाईकाकडे आधी जा

अमेरिकेच्या एनएसएफने (संशोधनाला पैसे देणारी तिथली सरकारी संस्था) २०११ ला आय-कॉर्प्स नावाचा कार्यक्रम काढला, त्यात प्रोफेसर लोकांना लॅबमधून ढकलून गिऱ्हाईकांशी बोलायला पाठवतात, शंभराच्या आसपास माणसं. आपल्याकडे तशी सक्ती नाही पण करून बघा, आणि बडोद्यात तर बस किंवा स्कूटर पुरते. नंदेसरीला केमिकलवाले आहेत, तिथून जंबुसरकडे पन्नासेक किलोमीटरचा सांडपाण्याचा कालवा १९८३ पासून चालूय, म्हणजे रंगीत पाण्याचा प्रश्न इथे पुस्तकातला नाही. मकरपुऱ्यात छोटे इंजिनियरिंगवाले आहेत. आपल्याला गुजराती येतेच, तो फायदा पुण्याच्या मुलाला नाही.

तिथे मालकाला भेटू नका, ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, चालवणाऱ्या माणसाला भेटा. "आमचं मटेरियल घ्याल का" असं तर अजिबात विचारू नका, सभ्यपणे सगळे हो म्हणतात. विचारा की आत्ता रंग काढायला काय टाकता, महिन्याला किती लागतं, गाळ कुठे जातो, गाळाचे किती पैसे पडतात, गेल्या वेळी प्रदूषण बोर्डाची नोटीस कशावरून आली. बहुतेक वेळा असं कळतं की तुम्ही ९९ टक्के रंग काढण्याच्या मागे लागलाय आणि त्याचं दुखणं वेगळंच, गाळ. मग तुमचं मटेरियल पुन्हा वापरता येतं का हा खरा विकायचा मुद्दा ठरतो, आणि प्रपोजल त्यावरच लिहायचं. अशा दोन-तीन कारखान्यांनी लेटरहेडवर "ट्रायलला जागा देऊ" एवढं लिहून दिलं तरी कमिटीपुढे त्याचं वजन पेपरपेक्षा जास्त असतं.

पैसे, आणि कुठल्या क्रमाने

सुरुवात घरातून. गुजरातची एसएसआयपी, म्हणजे स्टुडंट स्टार्टअप अँड इनोव्हेशन पॉलिसी, २०१७ ला आली, दुसरी आवृत्ती २०२२ ला, त्यात प्रूफ ऑफ कन्सेप्टला अडीच लाखांपर्यंत मिळतात आणि ते तुमच्या स्वतःच्या युनिव्हर्सिटीमार्फत. विद्यार्थी आणि नुकतेच पास झालेले यांच्यासाठी आहे, कंपनी लागत नाही. रक्कम छोटी पण बीकरमधून बादलीपर्यंत यायला पुरते.

मग निधी-प्रयास, केंद्राच्या डीएसटीची (विज्ञान-तंत्रज्ञान विभाग), प्रोटोटाइपसाठी १० लाखांपर्यंत. वस्तू बनवणाऱ्यांसाठी आहे, नुसतं ॲप असेल तर जाऊ नका. दिल्लीला अर्ज नसतो, प्रयास सेंटर असलेल्या इन्क्युबेटरकडे (नव्या स्टार्टअपना जागा, सोयी आणि मदत देणारी संस्था) असतो. डीएसटीचीच दुसरी निधी-ईआयआर, हिच्यात महिन्याला जास्तीत जास्त ३० हजार, साधारण वर्षभर, पण अट अशी की दुसरीकडून पगार नको. म्हणून फेलोशिप चालू असताना ही नाही, थीसिस सबमिट केल्यावर नोकरी न धरता जो काळ जातो त्याच्यासाठी आहे. घरी "पोरगा घरी बसलाय" म्हणतात त्या काळासाठी, म्हणा ना.

बायोटेक असेल तर बायरॅक. बिग ग्रँटमध्ये १८ महिन्यांत ५० लाखांपर्यंत, कॉल साधारण जानेवारी आणि जुलैला उघडतो, अर्ज बिग पार्टनर संस्था बघतात, पुण्याचं व्हेंचर सेंटर त्यातलं एक. इथे आपलं मटेरियल बसतं का बघा. एन्झाइम किंवा जंतू वापरून रंग काढत असाल तर बसेल, निव्वळ केमिकल असेल तर ओढूनताणून बायोटेक करू नका, कमिटीत बसलेल्यांना दुसऱ्या पानावर कळतं. विद्यार्थ्यांसाठी बायरॅकचा सितारे-जीवायटीआय पुरस्कार पण आहे, १५ लाखांपर्यंतचा. वेट लॅब (रसायनं-जंतूंवर काम करायची लॅब) पाहिजे असेल तर लांब जायला नको, मंजुसरला सावली टेक्नॉलॉजी अँड बिझनेस इन्क्युबेटर आहे, राज्याच्या बायोटेक मिशनचं. इन्क्युबेटरशी नातं लागतंच, कारण कंपनीकडे स्वतःची लॅब नसेल तर काम करणार कुठे हा प्रश्न येतो, आणि "गाइडच्या लॅबमध्ये" हे उत्तर चालत नाही.

मग स्टार्टअप इंडिया सीड फंड, २०२१ ची, एकूण ९४५ कोटींची. प्रोटोटाइप आणि ट्रायलसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट, बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज). एका वेळी तीन इन्क्युबेटर निवडता येतात, पसंतीच्या क्रमाने, तेव्हा पोर्टलवर कोण अर्ज घेतंय ते बघून ठरवा. अर्जाला फी नाही, कोणी मागितली तर तिथून उठा.

आता ती बारीक अट. सीड फंडला अर्ज करताना केंद्राच्या किंवा राज्याच्या दुसऱ्या स्कीममधून १० लाखांपेक्षा जास्त आर्थिक मदत घेतलेली नसावी. बक्षिसाचे पैसे, स्वस्त जागा, लॅबची सोय आणि फाउंडरचा मासिक भत्ता यात मोजत नाहीत. म्हणजे ईआयआर बिनधास्त घ्या. प्रयासचे पूर्ण १० घेतले तर तुम्ही काठावर, वर एसएसआयपीचे पण असले की हिशोब करायला बसावं लागतं, आणि बिगचे ५० मिळाले की सीड फंड विसरा. म्हणून माझा सल्ला, बायोटेकवाल्यांनी बिगच धरावी, सीड फंडच्या नादी लागू नये, आणि केमिकल-मेकॅनिकलवाल्यांनी प्रयास ७-८ लाखांतच भागवून सीड फंड मोकळा ठेवावा. यावर दुमत असू शकतं.

संरक्षणाला उपयोगी काही असेल तर आयडेक्स आहे, २०१८ पासून, त्यात दीड कोटीपर्यंत पण तेवढेच तुम्हाला पण उभे करावे लागतात. आणि पेपरात ते एक लाख कोटींच्या आरडीआय फंडचं वाचून हुरळून जाऊ नका, तो टीआरएल (तंत्रज्ञान किती तयार झालंय त्याची १ ते ९ पायरी) ४ आणि त्यापुढच्यांसाठी आहे आणि बीकर म्हणजे ३.

प्रपोजल लिहिताना

माइलस्टोन असे लिहा की बाहेरच्या माणसाला झालं की नाही ते कळेल. "मटेरियलचा सखोल अभ्यास करणे" हा माइलस्टोन नाही, "सहाव्या महिन्याला कारखान्याच्या खऱ्या पाण्यावर ५०० लिटरची बॅच, रंग इतका खाली" हा आहे. पैसे हप्त्याहप्त्याने येतात आणि पुढचा हप्ता या ओळीवर अडतो, तेव्हा हौसेने मोठे आकडे टाकू नका. मशीनची किंमत अंदाजे नको, कोटेशन जोडा. पगाराला सगळं घातलं तर कमिटी भुवया उंचावते आणि सगळं मशीनला घातलं तर ते चालवणार कोण हे विचारते.

पैसे आल्यावर ग्रँटसाठी वेगळं खातं काढा, घरखर्च आणि ग्रँट एकत्र नको. सीएला पहिल्या महिन्यातच सांगा की युटिलायझेशन सर्टिफिकेट त्यानेच द्यायचंय, मार्चमध्ये सांगितलं तर तो फोन उचलणार नाही. खात्यावरचं व्याज पण बहुतेक ठिकाणी सरकारचं, ते वेगळं दाखवावं लागतं. खर्चाच्या एका सदराखाली मंजूर झालेले पैसे दुसरीकडे वापरायचे तर आधी मेलवर परवानगी, खर्च झाल्यावर नाही.

इन्क्युबेटरला पहिल्यांदा भेटायला जाताना प्रोव्हिजनलची पावती, युनिव्हर्सिटीची एनओसी, कारखान्यांची पत्रं, आणि शक्य असेल तर मटेरियलची बाटली आणि रंगीत पाण्याचा नमुना पिशवीत टाकून न्या. स्लाइड्स मोबाइलमध्ये असल्या तरी चालतात.